दाढेत पू झाला तर: पहिल्या ठणक्यापासून सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेपर्यंत

दोन रात्री छळणारी दाढ तिसऱ्या दिवशी आपोआप थांबली, तर ती बरी झाली असं समजू नका. बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, पण ती कुजते. कुजलेला माल आणि त्यातले जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू साठू लागतो. त्याला कधी काही दिवस लागतात, कधी महिने. मग एका सकाळी गाल सुजून आलेला असतो.

मी तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवते. गाल सुजवून आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा एकच विचारते, "याआधी कधी ही दाढ खूप दुखून थांबली होती का?" उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असतं. "गोळ्या घेतल्या, थांबली, म्हणून आलो नाही." हा लेख त्या थांबलेल्या दिवसांत आणि सुजलेल्या रात्री काय करायचं, यासाठी आहे. ज्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडतंय, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या

दाताच्या आत एक लहानशी पोकळी असते. आपण जिला नस म्हणतो तो रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गोळा तिथे असतो. हाताला मार लागला तर सूज बाहेर फुगते, तिला जागा मिळते. दाताच्या भिंती मात्र दगडासारख्या. आत सूज आली की फुगायला जागाच नाही, सगळा दाब नसेवर. म्हणून हा ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर येतो आणि आडवं झालं, डोक्याकडे रक्ताचा जोर वाढला, की असह्य होतो.

पाण्याची बाटली घेऊन येणारे रुग्ण मी लांबून ओळखते. खुर्चीत बसेपर्यंत ते चार वेळा गार पाण्याचा घोट दाढेपाशी धरतात. गार पाणी तोंडात असेपर्यंत बरं वाटतं, कोमट झालं की पुन्हा ठणका. गरम चहाने कळ येते आणि गाराने शमते, हे नस मरणाला टेकल्याचं लक्षण. या टप्प्यावर आलात तर बहुधा पू व्हायच्या आधीच काम होतं.

आणि एक गोष्ट. आपण 'दाढेला कीड लागली' म्हणतो, त्यामुळे आत खरोखरचा किडा आहे असं अनेकांना वाटतं. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी दाढेला देणारे, आणि पाण्यात पडलेले पांढरे किडे दाखवणारे लोक अजूनही गावोगाव आहेत. ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांमधले कोंब. दाढेत किडा कधीच नसतो. दातावर चिकटलेले जंतू साखर आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. धुरीने घटकाभर बधिर वाटलं, तरी आतला पू तिथेच राहतो.

पहिली पायरी: आरसा, टॉर्च आणि धुतलेलं बोट

उजेडात आरशासमोर उभे राहा. साबणाने हात धुवा. घरातल्या कुणाला तरी मोबाईलचा टॉर्च धरायला सांगा.

आधी चेहरा बघा. दोन्ही गाल सारखे आहेत का? सुजलेल्या बाजूची कातडी ताणलेली, चकचकीत, गरम लागते का? जबड्याच्या हाडाखाली बोटं फिरवा. तिथे दुखरी गाठ लागली तर अवधाण आलं आहे, म्हणजे शरीर जंतूंशी झगडतंय.

मग तोंड उघडा. तुमची स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. निरोगी माणसाच्या तोंडात ती जातात. दोनसुद्धा जात नसतील तर ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उल्लेख येणार आहे. ज्यांना गुटखा किंवा सुपारीची सवय आहे, त्यांचं तोंड महिनोन्‌महिने हळूहळू आवळत गेलेलं असू शकतं. तो आजार वेगळा आणि तोही दाखवायलाच हवा. इथे मी बोलते आहे ते काल उघडत होतं आणि आज उघडत नाही, अशा तोंडाबद्दल.

आता ओठ आणि गाल बाजूला ओढून हिरडी बघा. लालभडक फुगवटा आहे का? मुळाच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढी पुटकुळी आहे का, जिचं तोंड पिवळट दिसतं? बोटाने हलकेच दाबल्यावर खारट, घाण चवीचं काही येतं का? ती पुटकुळी म्हणजे आतल्या पुवाने स्वतःसाठी काढलेली वाट. ती असली की दाब सुटतो आणि दुखणं जवळजवळ नसतं, म्हणूनच लोक वर्षानुवर्षं ती बाळगतात. "मधूनमधून फुटतं आणि बरं होतं" असं सांगतात. बरं झालेलं काहीच नसतं, फक्त नळ बंद-चालू होत असतो.

शेवटी चमच्याच्या दांड्याने एकेका दाताला हलकेच टकटक करा. आधी चांगल्या बाजूने सुरू करा, म्हणजे फरक कळेल. मुळाशी पू असलेला दात असा दुखतो की माणूस खुर्चीतून उठतो. शिवाय तो इतरांपेक्षा उंच झाल्यासारखा, चावताना आधी लागणारा वाटतो. हा भास नाही. मुळाभोवतीच्या सुजेने दात खरंच किंचित वर उचललेला असतो.

जे पाहिलंत ते कागदावर लिहा: कुठली बाजू, वर की खाली, कधीपासून, ताप किती. डॉक्टरांना फोनवर सांगताना याचा फार उपयोग होतो.

पू कुठला, त्यावर उपाय ठरतो

मुळाच्या टोकाशी झालेला पू सगळ्यात जास्त आढळतो. त्याचं मूळ दाताच्या आत असतं: मोठी कीड, जुनं फुटलेलं सिमेंट, तडा, किंवा लहानपणी लागलेला मार. मार लागलेला दात दहा-पंधरा वर्षांनीही असा पेटू शकतो. एका मुलीच्या हनुवटीखाली एक फोड होता, वर्षभर मलम लावूनही तो पाझरत राहिला होता. त्वचेच्या औषधांवर बराच खर्च झाल्यावर ती माझ्याकडे आली. खालचा एक पुढचा दात शेजारच्यांपेक्षा जरासा काळपट होता. शाळेत असताना सायकलवरून पडल्याचं तिला मागाहून आठवलं. त्या दाताच्या मुळापासून हाडातून वाट काढत पू हनुवटीवर फुटत होता. दाताचं रूट कॅनल केलं, म्हणजे आतली मेलेली नस काढून पोकळी साफ करून बुजवली, आणि फोड कुठलंही मलम न लावता मिटला. हनुवटीवर, जबड्याच्या कडेला किंवा नाकाशेजारी न सुकणारा फोड असेल, तर एकदा दात तपासून घ्या.

दुसरा पू हिरडीच्या खिशातला. दातावर कीटण साठत गेलं की हिरडी दातापासून सुटते आणि दोघांमध्ये खोल फट तयार होते. तिचं तोंड वर बंद झालं की आत पू साठतो. इथे दात बहुधा जिवंत असतो, पण हलतो. ठणका कमी, बोथट दुखणं आणि ताणल्यासारखं जास्त. माशाचा काटा, लाहीचं फोलपट किंवा ब्रशचा तुटलेला केस हिरडीत रुतूनही असा फोड येतो. तो काढला की लवकर बरा होतो. पण एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी हिरडीला पू येत असेल, तर दातांच्या आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेहाची पहिली खूण कित्येकदा इथे सापडते.

तिसरा अक्कलदाढेचा. साधारण १७ ते २५ या वयात खालची अक्कलदाढ अर्धवट वर येते आणि तिच्यावर हिरडीचं झाकण राहतं. झाकणाखाली अन्न अडकतं, कुजतं, वरची दाढ त्याच सुजलेल्या हिरडीवर चावते. घसा दुखतो, कानात कळ जाते, तोंड उघडत नाही, आणि मुलं घशाचं औषध घेत बसतात. परीक्षेच्या आणि नव्या नोकरीच्या दिवसांत मी असे रुग्ण फार बघते. झोप कमी, जेवण वेळी-अवेळी, ब्रश राहून जातो.

दाढदुखीसारखं भासणारं एक दुखणं इथे सांगून ठेवते. वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम ठसठसत असतील, सर्दी झालेली असेल आणि वाकल्यावर गालात जड वाटत असेल, तर ते सायनसचं असू शकतं. आणि तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातली गाठ किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर ती पुवाची समजून थांबू नका. कर्करोग नाही ना, हे तपासून घ्या.

या खुणा दिसल्या तर लेख बाजूला ठेवा आणि निघा

थुंकी गिळता येत नाही आणि लाळ बाहेर गळते. जिभेखालचा भाग फुगून टणक झालाय आणि जीभ वर उचलल्यासारखी वाटते. आवाज बदलला, तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखा येतो. सूज हनुवटीखालून गळ्याकडे उतरते आहे, किंवा वर डोळ्यापर्यंत चढून डोळा मिटतोय. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. श्वास घेताना जोर लागतो, आडवं झोपवत नाही. ताप १०१ च्या वर आणि हुडहुडी. माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय.

यातलं एकही असेल तर ते दातांच्या छोट्या दवाखान्याचं काम नाही. माझ्या दवाखान्याचंही नाही. जिथे रात्री भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि ओरल सर्जन किंवा कान-नाक-घशाचे सर्जन असतील अशा मोठ्या रुग्णालयात जा. श्वासाचा त्रास असेल तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात हाच क्रमांक चालतो. रुग्णाला आडवं झोपवू नका, बसवूनच न्या.

खालच्या शेवटच्या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला, जिभेखालच्या पोकळीजवळ असतात. तिथून पू गळ्याच्या थरांत उतरला की सूज दोन्ही बाजूंनी श्वासाची वाट आवळते. १८३६ मध्ये जर्मन डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी या आजाराचं वर्णन केलं आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रतिजैविकं येण्याआधी यात निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. आजही तासांचा हिशेब असतो. एका शेतकरी दादांना त्यांच्या मुलाने माझ्याकडे आणलं तेव्हा ते बाकावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. खांद्यावरचा पंचा लाळेने भिजला होता. आदली रात्र त्यांनी भिंतीला टेकून बसून काढली होती. मी तोंड तपासत बसले नाही. गाडी बोलावली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी फोन केला. तिथे त्यांना गळ्यावर छेद देऊन पू काढावा लागला. ते वाचले. गोळ्या घेत घरी पाच दिवस काढले होते.

आजची रात्र घरी काढायची असेल तर

धोक्याची खूण एकही नाही, पण रात्रीचे अकरा वाजलेत किंवा रविवार आहे. तेव्हा हे करा.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला आणि दर दोन-तीन तासांनी गुळण्या करा. घोट दुखऱ्या बाजूला अर्धा मिनिट धरून ठेवा, जोरात खुळखुळवू नका. पुटकुळी आपोआप फुटली तर मिठाच्या पाण्याने पू धुऊन टाका, गिळू नका. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग तेवढीच विश्रांती. उशाला दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. पाणी पीत राहा. पेज, मऊ भात, वरण, जे उतरेल ते खा. ब्रश बंद करू नका, त्या दाताजवळ हलक्या हाताने फिरवा.

गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते, कारण आजीने प्रेमाने तव्यावर गरम केलेलं फडकं गालाला लावलेलं असतं. शेकाने तिकडचा रक्तपुरवठा वाढतो, पू कातडीच्या दिशेने सरकतो आणि गालावर फुटला तर जन्मभराचा व्रण राहतो. सुईने फोड फोडू नका. लवंगेचं तेल थेंबभर कापसाला लावून किडीच्या खड्ड्यात टेकवलं तर घटकाभर बरं वाटतं, पण हिरडीला लागलं तर ती भाजते. दुखणाऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणं, चुना लावणं, मशेरी किंवा तंबाखूची चिमूट धरणं, यांनी हिरडी पांढरी पडून सोलून निघते. मग मला पुवाच्या जोडीला भाजलेली जखमही सांभाळावी लागते.

दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल चालतं: ५०० ची एक किंवा दोन गोळ्या, किंवा ६५० ची एक, दर सहा तासांनी, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसभरात ३ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० च्या सहा गोळ्यांच्या, वर नाही. यकृताचा आजार किंवा रोजचं दारूपान असेल तर आधी विचारा. इबुप्रोफेन ४०० जेवणानंतर, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, हे दातदुखीत चांगलं काम करतं आणि पॅरासिटामॉलबरोबर घेता येतं. पण मूत्रपिंडाचा, हृदयाचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वेदनाशामकाने उठणारा दमा किंवा गरोदरपण असेल, तर इबुप्रोफेन नको. डेंग्यूची साथ असताना तापाचं कारण नक्की कळेपर्यंतही नको. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा: बाजारातल्या अनेक 'दुखण्याच्या' गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, आणि तापाची वेगळी गोळी घेतली की तेच औषध दुप्पट होतं. मुलांना वजनावर मात्रा ठरते: एका वेळेला दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका.

मेडिकलमध्ये जाऊन "दाढेच्या गोळ्या द्या" म्हटल्यावर कागदात बांधून मिळणाऱ्या सुट्या रंगीत गोळ्या घेऊ नका. त्यांत काय आहे हे तुम्हाला कळत नाही, मलाही नंतर कळत नाही. कधी कधी त्यांत स्टिरॉइड असतं. त्याने सूज एका दिवसात उतरल्यासारखी दिसते, साखर मात्र वर जाते आणि जंतूंशी लढायची ताकद घटते.

अँटिबायोटिकने पू जात नाही

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. औषध रक्तातून पोहोचतं. मेलेल्या नसेत रक्त जात नाही. साठलेल्या पुवाच्या पिशवीतही पुरेसं जात नाही. म्हणजे जंतूंचं जे घर आहे तिथेच औषध पोहोचत नाही. ते फक्त आजूबाजूला पसरलेल्या जंतूंना आवरतं. चार दिवस बरं वाटतं, गोळ्या संपतात, घर तसंच असतं, महिन्याने पुन्हा सूज. आणि दर खेपेला थोडे अधिक चिवट जंतू मागे राहतात.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये याबाबत स्पष्ट मार्गदर्शक सूचना दिल्या: प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या मोठ्या माणसाला, दाताचा उपचार लगेच मिळत असेल आणि सूज त्याच जागेपुरती असेल, तर अँटिबायोटिकची गरज नाही. ताप, अंग मोडून येणं, पसरणारी सूज असेल तर गरज आहे, आणि तेव्हाही पू काढण्याच्या जोडीला. आपल्याकडे ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. घरातल्या उरलेल्या पाकिटातली अमॉक्सिसिलिन घेऊ नका. पूर्वी पेनिसिलिनच्या जातीच्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगा. मेट्रोनिडॅझोल दिलं असेल तर त्या काळात दारू पूर्ण बंद.

दवाखान्यात काय होईल

पहिली भीती इंजेक्शनची. खरं सांगते: पुवाच्या जागी भूल नेहमीइतकी चढत नाही, कारण तिथे आम्ल वाढलेलं असतं आणि औषध नीट काम करत नाही. म्हणून आम्ही जमेल तिथे सुजेपासून लांब, नसेच्या मुळाशी इंजेक्शन देतो. दुखलं तर हात वर करा. सोसत बसणं हा उपचाराचा भाग नाही.

एक्स-रे काढला जातो. मुळाच्या टोकाशी काळसर गोल दिसला तर तिथलं हाड झिजलंय. पण पू ताजा असेल तर एक्स-रे साफ दिसू शकतो, हाड झिजायला वेळ लागतो. पुटकुळी असेल तर मी तिच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे रबरासारख्या पदार्थाची, पातळ गुलाबी काडी अलगद आत सरकवते आणि तशीच एक्स-रे काढते. काडी वळत वळत ज्या मुळाशी जाऊन थांबते, तो दात दोषी. रुग्णाला वाटत असतं तो दात कित्येकदा नसतोच.

मग पुवाला वाट द्यायची. तीन मार्ग आहेत. दात वाचण्यासारखा असेल तर वरून छिद्र पाडून नसेच्या पोकळीत शिरायचं. झाकण उघडतं त्या क्षणी पिवळट पू, मग रक्त मिसळलेला पू दातातून वर येतो, दुर्गंधी पसरते, आणि खुर्चीतल्या माणसाचे इतका वेळ कानाला टेकलेले खांदे खाली येतात. काही मिनिटांत. दोन दिवस कुठल्याच गोळीने न मिळालेला आराम. दुसरा मार्ग, फुगवटा मऊ झाला असेल तर हिरडीवर छोटा छेद. कधी त्यात रबराची पट्टी दिवस-दोन दिवस ठेवतात, म्हणजे तोंड लगेच मिटत नाही. तिसरा, दात फारच गेलेला असेल तर काढणं. दात निघाला की त्याच खड्ड्यातून पू वाहून जातो. हिरडीच्या खिशातला पू असेल तर खिशातून तो काढून खोल सफाई होते, अक्कलदाढेला झाकणाखाली धुवून औषध सोडतात आणि सूज उतरल्यावर दाढ काढायची की नाही ते ठरतं.

वरची दाढ काढली की डोळे जातात, ही भीती घेऊन दर महिन्याला कुणीतरी येतं. दृष्टीची नस वेगळी आणि दातांची नस वेगळी. वरच्या दाढेतला पू तसाच ठेवला तर मात्र संसर्ग डोळ्यामागच्या शिरांपर्यंत जाऊ शकतो. डोळ्याला धोका दाढ ठेवण्यात आहे.

एक मावशी सुजलेला गाल घेऊन आल्या, साखर ३०० च्या पुढे. त्यांना आणखी एका ठिकाणी सांगितलं होतं, "आधी शुगर खाली आणा, मग बघू." दहा दिवस त्या पथ्य करत होत्या आणि साखर वाढतच होती. वाढणारच, कारण आतला पू स्वतःच साखर वाढवतो. न दुखणारी दाढ काढायला साखर आटोक्यात येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं आहे. पू काढायला थांबणं नाही. त्यांच्या फिजिशियनशी फोनवर बोलून त्याच दिवशी पू काढला आणि आठवड्यात साखर उतरू लागली. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही स्वतः थांबवू नका, फक्त पाकीट बरोबर आणा. हृदयात कृत्रिम झडप असेल, हाडांसाठी वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेत असाल, केमोथेरपी चालू असेल, तर आत शिरतानाच सांगा. उपचाराची पद्धत बदलते. गरोदरपणी पू झाला तर बाळंतपणापर्यंत थांबू नका. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, पण पू महिना बघत नाही, आणि पोटावर संरक्षक पट्टा ठेवून दाताचा एक्स-रे काढता येतो.

मुलांच्या दुधाच्या दाताला पुटकुळी आली की "पडणारच आहे तो" असं म्हणून सोडून देतात. त्या मुळाच्या अगदी खालीच कायमच्या दाताचा कोंब तयार होत असतो. वरचा पू त्याला लागला तर नवा दात डागाळलेला, वेडावाकडा येऊ शकतो. शिवाय लहान मुलात ताप आणि सूज मोठ्यांपेक्षा लवकर पसरते. त्याच दिवशी दाखवा.

खर्चाची अडचण असेल तर शासकीय आणि महापालिकेची दंत महाविद्यालयं आहेत: मुंबईत फोर्टचं शासकीय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि गोव्यात बांबोळी. सकाळी लवकर पोहोचा, ओळखपत्र आणि चालू औषधांची यादी बरोबर ठेवा.

पू निघाल्यानंतर

४८ तासांत सूज कमी व्हायला लागली पाहिजे. वाढली, ताप चढला किंवा तोंड आणखी आवळलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता परत या. दात काढला असेल तर पहिले २४ तास गुळण्या नकोत, नाहीतर रक्ताची गुठळी निघून येते. त्यानंतर मिठाचं पाणी. बिडी-सिगारेट नको. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर पेस्टने ब्रश केल्यावर अर्धा तास जाऊ द्या, आणि सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त वापरू नका, दात तपकिरी होतात.

रूट कॅनल सुरू केलेल्यांसाठी खरी कसोटी इथे लागते. पहिल्या भेटीत पू निघतो, दुखणं थांबतं, आत औषध आणि वर कच्चं सिमेंट घालून पुढची तारीख दिली जाते. आणि मग लग्न, सुगी, पगाराची तारीख. कच्चं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत शिरते, जंतू परत बसतात. रूट कॅनल सुरूच न केलेल्या दातापेक्षा अर्धवट सोडलेला दात मी जास्त वेळा पुन्हा सुजलेला पाहते. पुढच्या भेटी खुर्चीत बसायच्या आधीच ठरवून घ्या. काम पूर्ण झालं की दाढेवर कॅप बसवा. आतून पोखरलेली दाढ भाकरीच्या कडक पापुद्र्यानेही उभी चिरते, आणि मुळापर्यंत चिरली तर काढण्याशिवाय इलाज उरत नाही.

आणि सहा महिन्यांनी एक एक्स-रे मागून घ्या. डॉक्टरांनी आठवण केली नाही तरी तुम्ही मागा. मुळाच्या टोकाशी जो काळा गोल होता, तो हाड भरत आल्याने लहान आणि करडा झालेला दिसायला हवा. पूर्ण भरायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. गोल तेवढाच राहिला किंवा वाढला असेल, तर दुखत नसलं तरी आतलं काम पुन्हा उघडून बघावं लागेल.